लिहून देणार, लिहून घेणार

करवीर तालुक्यातला कुठलाही खरेदीदस्त उघडा. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा हे सगळं यायच्या आधी पहिल्याच पानावर दोन माणसं भेटतात. एक 'लिहून घेणार', दुसरा 'लिहून देणार'. जमीन विकतो तो लिहून देणार, पैसे मोजतो तो लिहून घेणार. बहिणीची किंवा हिस्सेदाराची पुढे हरकत नको असेल तर तिसरा माणूस येतो, 'मान्यता देणार'. तो काही विकत नाही, त्याला बहुतेक वेळा काही मिळतही नाही. 'माझी तक्रार नाही' एवढंच तो कबूल करतो. शेवटच्या पानावर साक्षीदार. सह्या सगळ्यांच्या असतात, पण प्रत्येक सहीचं वजन वेगळं असतं आणि ते वजन दस्ताने नावातच सांगून टाकलेलं असतं.

यांतलाच एखादा माणूस दुपारी बँकेत जाऊन दूधसंस्थेच्या खात्याचा फॉर्म मागतो, तेव्हा तिथे रकाना दिसतो 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता'. जीएसटीच्या नोंदणीत तोच शब्द, टेंडरमध्ये तोच, सामंजस्य कराराच्या बातमीतही तोच. इंग्रजीतल्या 'सिग्नेटरी'साठी कचेरीने घडवलेला हा शब्द आहे आणि त्यात चूक काही नाही. मात्र तो फार थोडं सांगतो. सही या हाताची आहे, एवढंच. बांधला कोण गेला, सही कोणाच्या वतीने झाली, तो अधिकार दिला कोणी, यातलं काहीही त्या शब्दात नाही. म्हणून तर त्याच्यामागे 'अधिकृत' हे विशेषण लावावं लागतं. सही करणारा एक आणि करारात बांधला जाणारा दुसरा असं सर्रास होतं, आणि व्यवहारातली निम्मी भांडणं या फटीतूनच निघतात.

सहीसाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता कधीच नव्हती. 'सही' मूळ अरबीतून आलेली, अर्थ 'बरोबर आहे', 'खरं आहे'. 'दस्तखत' फारसी, हाताचं लिखाण. 'हस्ताक्षर' मात्र जपून वापरावं. हिंदीत त्याचा अर्थ सही, मराठीत त्याचा अर्थ अक्षर, आणि जुन्या दस्तांत तर 'हस्ताक्षर' म्हणून ज्याचं नाव येई तो दस्ताचा पक्षकार नसून मजकूर लिहिणारा लेखनिक असे. ज्याने स्वतःच्या हाताने सही केली त्याच्या नावापुढे 'दस्तुरखुद्द'. ज्याला लिहिता येत नाही त्याची 'निशाणी डावा अंगठा'. अंगठा म्हणजे कमी दर्जाची सही, असा समज आजही आहे. कायद्यात त्याला आधार नाही. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार लिहिता न येणाऱ्याने केलेली खूण ही सहीच. खुणेची ही रीत इंग्रजांनी आपल्याला शिकवली असंही नाही. उलट हाताच्या ठशाचं महत्त्व विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याला कळलं ते बंगालमध्ये, 1858 साली, रस्त्याच्या खडीचा ठेका देताना. राज्यधर कोनाई या ठेकेदाराचा पंजा त्याने कराराच्या मागे उमटवून घेतला, आणि बोटांच्या ठशांच्या शास्त्राचा इतिहास सांगताना आजही त्या कागदाचं नाव घेतलं जातं.

आपल्याकडच्या खुणा त्याहून बोलक्या होत्या. गावातल्या वतनाचा, सीमेचा, मानपानाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई आणि त्यावर जमलेले सगळे आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, पेठेच्या शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. ज्याचं जे वतन त्याचं ते हत्यार कागदावर. या खुणांमधून निव्वळ नाव कळत नसे. हा माणूस इथे कोणत्या नात्याने बसला आहे, हेही कळे. नांगर काढणारा पाटील स्वतःपुरतं बोलत नव्हता, पाटीलकीच्या वतीने बोलत होता. आजच्या कंपनीच्या कागदावर सहीखाली 'संचालक' असा शिक्का मारतात, त्या शिक्क्याचं काम नांगराने काही शतकं आधीच केलेलं आहे.

राजाच्या कागदावर तर सहीपेक्षा शिक्क्याला मान. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. हे मोर्तब छोटं असलं तरी फार कामाचं. मजकुराची हद्द इथे संपली, याच्या खाली कोणी काही घुसवलं तर ते आमचं नव्हे, असा त्याचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' आपण आज एका दमात म्हणतो, पण ती दोन वेगळी कामं होती. एक शिक्का सांगे कागद कोणाचा, दुसरा सांगे कुठवर.

कोल्हापूरचं वेगळं राज्य ज्या कागदाने मान्य झालं तो वारणेचा तह अशाच रिवाजातला. 1731 च्या आरंभी कराडजवळ जखिणवाडीला साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज भेटले आणि त्या वर्षीच्या एप्रिलात नऊ कलमांचा तह ठरला. वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख करवीरकडे आला. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचे नाहीत. हे चाकरांचं कलम मला सगळ्यांत रंजक वाटतं. शिक्के दोन छत्रपतींचे, आणि पायबंद बसला तो इकडून तिकडे पळणाऱ्या सरदारांना, ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं. तह करणारे दोघे गेले, त्यांची राज्येही गेली, तरी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द बरीचशी वारणेवरूनच जाते.

सही करणाऱ्याला अधिकार होता का, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात जितका गाजला तितका क्वचितच कुठे गाजला असेल. मार्च 1775 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतेला तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो मानला नाही, कारण 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तह यांचा लगाम कलकत्त्याच्या हाती दिला होता. कलकत्त्याने कर्नल अप्टनला पाठवून 1 मार्च 1776 रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. मग तो मुंबईकरांना पचेना. म्हणजे कंपनी एकच, सही करणारे हात दोन, आणि एका हाताचं दुसऱ्याला मान्य नाही. रघुनाथरावांचा अधिकार तर त्याहून लंगडा. ते पेशवे असतील तर तहाला अर्थ. आणि पेशवे होण्यासाठीच त्यांना तह हवा होता.

पुढचा अंक जानेवारी 1779 मध्ये वडगाव मावळात झाला. मुंबईची फौज कोंडीत सापडली. करार करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं इंग्रजांनी आधी सांगून पाहिलं, पण महादजी शिंदे सोडायला तयार नव्हते. शेवटी इंग्रजांच्या बाजूने कारनॅकने सही केली : 1773 पासून घेतलेला मुलूख परत, साष्टी परत, रघुनाथराव मराठ्यांच्या हवाली. फौज सुखरूप मुंबईला पोचली आणि कंपनीने हात झटकले. सही करणाऱ्याला मुखत्यारी नव्हती, सबब करार आम्हांला बांधत नाही! कायद्याच्या पुस्तकात हा बचाव बसतो. पण अधिकार नाही हे ज्याला सही करताना ठाऊक आहे आणि जो सहीच्या बळावर फौज सोडवून नेतो, त्याच्या तोंडी तो शोभत नाही. महादजींनी दगा खाल्ला असं म्हणण्यापेक्षा त्यांनी सही पाहिली, मुखत्यारी पाहिली नाही, असं म्हणावं लागेल.

तीन वर्षांनी ही चूक दुरुस्त झाली. 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला, तेव्हा कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांतर्फे महादजी अशा सह्या झाल्या, आणि दोन्हीकडच्या वरिष्ठांनी तो कायम करायचा असं ठरलं. वॉरन हेस्टिंग्जने महिन्याभरात कायम केला. नाना फडणवीसांनी मात्र कागद अडकवून ठेवला. हैदरअली इंग्रजांशी लढत होता, तोवर थांबण्यात फायदा होता. हैदर डिसेंबरात वारल्यावर नानांनी मंजुरी दिली. मधले सात महिने तहावर सही होती आणि तह पक्का नव्हता. शिवाय महादजी या तहात दोन भूमिकांत उभे आहेत : पेशव्यांतर्फे सही करणारे, आणि दोन्ही बाजू तह पाळतील याचे जामीनदारही. स्वतः पेशवे सवाई माधवराव तेव्हा आठ वर्षांचे. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' लावून नानांचं नाव लिहावं लागलं असतं.

या अ.पा.क. ची ओळख शेतकऱ्याला सांगायला नको. अज्ञान पालन कर्ता. वारस अज्ञान असेल तर त्याच्या नावाखाली 'अ.पा.क. आई' असं येतं. तसंच 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भावांची जमीन, सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव, सही त्याची, हक्क चौघांचा. ही दोन-तीन अक्षरांची टिंबं वाचायची राहिली की पुढच्या पिढीचं कोर्टाचं काम ठरलेलं. ए.कु.मॅ. ने सगळी जमीन स्वतःची म्हणून विकली आणि वीस वर्षांनी पुतण्यांनी दावा लावला, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतात. अज्ञानाने स्वतःच सही केली तर तो करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवून टाकलं. अठराच्या आतला पोरगा कितीही वळणदार सही करो, तो स्वाक्षरीकर्ता होईल. लिहून देणार होणार नाही.

उलट बाजूही आहे. सही नाही म्हणून करार नाही, असंही नाही. 1872 च्या करार कायद्यात सहीची अट सरसकट घातलेलीच नाही; तोंडी करार चालतो, सिद्ध करणं तेवढं जड जातं. जनावरांच्या बाजारात म्हशीचा व्यवहार हातावर हात मारून होतो, त्यालाही करारच म्हणतात. जमिनीच्या विक्रीचा करार फक्त विकणाऱ्याने सही केलेला असला तरी वैध ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये आलोका बोस यांच्या प्रकरणात सांगितलं. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण 'लिहून देणार' या शब्दाशी ते अगदी जुळतं. देणारा लिहून देतो; घेणाऱ्याने घ्यायचं. घेणाऱ्याचा फोटो आणि अंगठा खरेदीखतावर सक्तीने आला तो 2001 मध्ये नोंदणी कायद्यात कलम 32-अ घातल्यावर, आणि तो बोगस व्यवहार रोखण्यासाठी.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेमकं काय होतं, याबद्दलही गैरसमज पुष्कळ. दस्ताच्या मागे जोडलेल्या पानांवर शिक्क्यांच्या वेळा छापून येतात : सादरीकरण, फी, कबुली, ओळख. यातली कबुली हा गाभा. लिहून देणारा समोर बसतो आणि 'ही सही माझी, हा दस्त मी करून दिला' असं सांगतो. दोन इसम 'आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो' म्हणतात. छापील मजकुरात एक शब्द आहे, 'तथाकथित'. पक्षकार अमुक तथाकथित दस्तऐवज करून दिल्याचं कबूल करतात, असं ते वाक्य. पहिल्यांदा वाचणारा दचकतो, पण शासनाने इथे चोख शब्द टाकला आहे. जमीन खरोखर याच्या बापाची आहे का, हे निबंधक ठरवत नाही. सही याची आहे आणि याने ती कबूल केली, इतकंच तो नोंदवतो. नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की, असं समजणाऱ्याने एकदा त्या 'तथाकथित'वर बोट ठेवावं.

साक्षीदार आणि जामीनदार यांच्यातली गल्लत तर घरं बुडवणारी. दस्तावर साक्षीदार म्हणून सही केली म्हणजे आपण अडकलो, अशी भीती बाळगणारे लोक पतसंस्थेत जामीनदार म्हणून मात्र बिनदिक्कत सही करतात. खरं तर उलटं वागायला हवं. साक्षीदाराने पाहिलेलं असतं ते इतकंच की समोरच्याने सही केली. मजकुराचा बोजा त्याच्यावर येत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आणि कर्जदाराबरोबरच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं तो म्हणू शकत नाही. फॉर्मवर दोघांच्या सह्या शेजारीशेजारी, पेन एकच, आणि 'इथं सही करा' म्हणणारा कारकूनही तोच.

सहीला जबाबदारी चिकटते आणि निर्णय दुसऱ्याचा असतो, तेव्हा मराठी माणूस सही करणाऱ्याला 'सह्याजीराव' म्हणतो. शब्द थट्टेचा आहे, पण सह्याजीरावाला शिक्षा खरी होते. संस्थेचा चेक वटला नाही तर सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या दारात समन्स येतं. ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या जोडसहीने निघतात. सरपंचबाई निवडून आलेल्या, कारभार त्यांचे यजमान बघतात, सही मात्र बाईंचीच लागते. अपहाराची चौकशी लागली की नोटीसही बाईंनाच. आता सही डिजिटल झाल्यावर तर हात हलवायचीही गरज उरली नाही. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला शाईच्या सहीचा दर्जा दिला आणि ती सही यूएसबीत मावू लागली. ते डोंगल बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतं. कायद्याच्या नजरेत सही डोंगलच्या मालकाची. म्हणून ते दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून ठेवण्यासारखंच.

सरकारी कागदावर सही करणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापून खाली उपसचिवाची सही येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 299 प्रमाणे सरकारचे करार राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावाने होतात, आणि त्यांपायी ना राज्यपाल व्यक्तिशः बांधले जातात, ना त्यांच्या वतीने सही करणारा अधिकारी. इथे पक्षकार राज्य.

संस्थानी काळात हा फरक इतका स्वच्छ नव्हता. कोल्हापूर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला 1766 चा तह झाला तेव्हा गादीवरचे राजे लहान होते आणि कारभार महाराणी जिजाबाईंच्या हाती होता. इंग्रजांनी आदल्या वर्षी घेतलेला मालवणचा किल्ला त्या तहाने परत मिळाला. 1812 च्या तहात मालवण शेवटी गेलंच. त्या 1812 च्या तहात करवीरने चिकोडी आणि मनोळीवरचा हक्क सोडला तो पेशव्यांसाठी, आणि तह मात्र कंपनीशी! पुढे 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीनीकरणासाठी सही लागली ती शहाजी महाराजांची. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि प्रजापरिषदेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडले, पण त्या कागदावर रयतेला रकाना नव्हता.

रत्नाप्पांना रकाना मिळाला तो दिल्लीत. शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचा हा माणूस घटना समितीचा सदस्य होता आणि राज्यघटनेवर त्याची सही आहे. 24 जानेवारी 1950 रोजी 284 सदस्यांनी त्या सह्या केल्या. 'घटनेचे स्वाक्षरीकर्ते' असं या मंडळींना आपण अभिमानाने म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण त्या सह्यांनी ते 284 जण इतरांपेक्षा तसूभरही जास्त बांधले गेले नाहीत, आणि ज्यांनी सही केली नाही ते कमी बांधले गेले असंही नाही. उद्देशिकेत घटना देणारे भारताचे लोक, आणि ती स्वीकारणारेही तेच. बाँडरायटरच्या हाती हा दस्त दिला असता तर लिहून देणार आणि लिहून घेणार या दोन्ही रकान्यांत त्याला एकच नाव लिहावं लागलं असतं, आणि सदस्यांच्या सह्या 'हस्ते' या शब्दापुढे आल्या असत्या.

पुणे कराराचं कोडं याहून अवघड. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याला झालेल्या या कराराला लोक 'गांधी-आंबेडकर करार' म्हणतात. त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सही आहे, मदनमोहन मालवीयांची आहे, जयकर, सप्रू, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद यांच्या आहेत, क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचीही आहे. गांधीजींची नाही. त्यांच्या मुलाची, देवदास गांधींची आहे. उपोषण ज्यांचं, ज्यांच्या प्राणांसाठी सगळी धावाधाव, ते करारात सही करणारे नाहीत. सह्यांच्या यादीवरून करार समजून घ्यायला निघालेला माणूस इथे पुरता फसेल.

राष्ट्रांच्या करारांत तर हा फरक नियमच आहे, आणि आपल्या बातम्यांत तो रोज पुसला जातो. राष्ट्राने सही केली म्हणजे ते स्वाक्षरीकर्ता झालं. पक्षकार होण्यासाठी बहुतेक वेळा पुढे अनुसमर्थन लागतं. सालबाईच्या तहातली नानांची मंजुरी ती हीच. पॅरिसच्या हवामान करारावर भारताने 22 एप्रिल 2016 ला सही केली आणि 2 ऑक्टोबर 2016 ला अनुसमर्थन दिलं. छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली आणि अनुसमर्थन अजून दिलेलं नाही. तिथे भारत सही करणारा आहे, पक्षकार नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात 1979 मध्ये भारत सही न करता थेट सामील झाला. तिथे पक्षकार आहे, सही करणारा नाही.

दिल्ली-जिनिव्हाचं राहू दे. कोल्हापूरच्या रस्त्यांवर हंगामात ज्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात त्यांच्यामागे करारांची साखळी असते, ती पाहावी. साखर कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो वाहनमालकाशी. वाहनमालक करार करतो मुकादमाशी, नोटरीपुढे, आणि टोळीसाठी उचल देतो. मुकादम बीडकडच्या गावात जाऊन ती उचल कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. कारखान्याच्या कागदावर मजुराची सही नसते, वाहनमालकाच्या कागदावर बहुतेकदा मुकादमाचीच असते. टोळी आली नाही तर वाहनमालक बुडतो, कारण कारखान्याला त्याने लिहून दिलेलं असतं. मुकादम पळाला तर पोलीस ठाणं आणि कोर्ट. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते, आणि ती फेडायची असते ज्या दोन माणसांनी, त्यांतल्या नवऱ्याचा अंगठा कधी कुठेतरी घेतलेला असतो. बायकोचा तर तेवढाही नाही. करार त्याच्या पक्षकारांनाच बांधतो, असं कायदा शिकवतो. फडात तो शिकवलेला नाही.

सगळ्यांत ताजं उदाहरण पायातलं आहे. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणं दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाचा प्रश्न साधा होता : तुम्ही कोण? चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याचे नोंदणीकृत मालक ठरलेले आहेत, दाद मागायची तर त्यांनी मागावी. याचिका फेटाळली गेली. हे मालक म्हणजे महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, लिडकॉम, आणि कर्नाटकचं लिडकर. मानांकन दोन्ही राज्यांचं, कारण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर इथेही ही चप्पल बनते. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने सामंजस्य करार केला तोही या दोन महामंडळांशीच. दोन हजार जोड भारतात बनवायचे, एका जोडाची किंमत सुमारे 800 युरो. ज्याच्या रापीखालून चप्पल निघते तो कारागीर या करारात सही करणारा नाही.

तो पूर्ण बाहेरही नाही. 1999 च्या भौगोलिक उपदर्शन कायद्यात नोंदणीकृत मालकाखेरीज आणखी एक जागा आहे, 'अधिकृत वापरकर्ता'. कलम 17 खाली त्या भागात तो माल बनवणारा कोणीही अर्ज करून आपलं नाव नोंदवू शकतो, आणि नोंद झाली की नकली मालाविरुद्ध त्याला स्वतःच्या नावाने दाद मागता येते. सुभाष रोड किंवा शिवाजी मार्केटच्या आसपास चपलेचं दुकान असलेल्याने, जवाहरनगरात किंवा कापशीकडे घरात बसून वाद्या विणणाऱ्याने महामंडळाच्या सहीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा तो अर्ज आधी भरावा. त्यावर सही दस्तुरखुद्द करता येते.